जॅसिड (कृत्रिम माशी)

जॅसिड ही ट्राउट माशाच्या गळासाठी बांधली जाणारी, पाण्यावर तरंगणारी अतिशय लहान कृत्रिम माशी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे व्हिन्सेंट मारिनारो यांनी ती लेटॉर्ट या प्रवाहावरील मासेमारीतून विकसित केली. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ या पुस्तकामुळे ती सर्वज्ञात झाली.

जॅसिड म्हणजे तुडतुडे. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांना हा कीटक चांगलाच परिचित आहे. कपाशीवरील तुडतुडे फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे आणि तिरके चालणारे असतात. ते पानांच्या खालच्या बाजूने रस शोषतात. त्यामुळे पानांच्या कडा पिवळ्या, पुढे लालसर होऊन मुरडतात. या कुळातील अमेरिकी कीटक काठच्या गवतातून प्रवाहात पडतात आणि ट्राउट ते टिपतात.

तरंगत्या माशांच्या पंखांना पिसाच्या प्रकारावरून किंवा ठेवणीवरून नावे पडली आहेत. उभ्या, दुभंगलेल्या पंखांना ‘अपराइट’, दोन्ही बाजूंना आडव्या पसरलेल्यांना ‘स्पेंट’, तर बदकाच्या छातीच्या रुंद पिसांच्या पंखांना ‘फॅन विंग’ म्हणतात. ‘ॲडम्स’ या प्रसिद्ध माशीचे पंख कोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांचे असतात. हे प्रकार मुख्यतः मेफ्लाय या कीटकाच्या अनुकरणातून आले. तुडतुड्याचे पंख मात्र पाठीवर मिटलेले असतात. मारिनारो यांचा भर माशाला खालून दिसणाऱ्या आकृतीवर होता. म्हणून त्यांनी गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाचे तंतू वरून-खालून कातरले आणि पाठीवर एकच पीस सपाट बांधले.

ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे होते. सह्याद्रीसह भारतीय द्वीपकल्पात आढळणाऱ्या या पक्ष्याच्या नराच्या मानेवरील पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत, कडक ठिपके असतात. माशी बांधणारे त्याला ‘नखी’ किंवा ‘डोळा’ अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखतात. सॅमन माशासाठीच्या रंगीत माशांत हे पीस एकोणिसाव्या शतकापासूनच वापरात होते आणि त्यासाठी पक्षी मारले जात. ब्रिटिश भारतातून रानपक्ष्यांची पिसे निर्यात करण्यावर १९०२ साली बंदी आली; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही या पक्ष्याला संरक्षण दिले. परदेशात आता बंदिस्त जागेत वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे किंवा रंगवलेले कृत्रिम पर्याय वापरले जातात.