जेट मॉडेलमधला सर्व्हो

सर्व्हो म्हणजे मोटर, दंतचक्रे, भुजेची स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि नियंत्रक सर्किट यांची एकच डबी. रिसीव्हरकडून साधारण दर 20 मिलिसेकंदांनी स्पंद येतो, तो 1.5 मिलिसेकंदांचा असला की भुजा मध्यावर थांबते. म्हणून आधी रेडिओ चालू करून ट्रिम (मध्यस्थितीची बारीक दुरुस्ती) शून्यावर आणतात आणि मगच भुजा पुशरॉडशी, म्हणजे तिची हालचाल विमानाच्या हलत्या भागाकडे नेणाऱ्या दांडीशी, काटकोनात बसवतात. डबीच्या कानांत रबरी बूच व त्यात पितळी नळी असते. नळीची रुंद कड बैठकीच्या लाकडाकडे ठेवली, की स्क्रू आवळल्यावर रबर चिरडले जात नाही. जेटच्या वेगात सांध्यातली किंचित ढिलाईही घातक ठरते: एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) फडफडून क्षणात तुटू शकतो. त्यामुळे धातूची दंतचक्रे आणि आखूड, ताठ पुशरॉड वापरतात.