साओ पाउलोत गेलेल्या वर्सोवाकराला सगळ्यात आधी काय खटकेल? तिथे होर्डिंगच नाहीत!

वर्सोव्याचा माणूस ब्राझीलच्या साओ पाउलोत उतरला की पहिली गंमत कानाला जाणवते. बेकरीत 'पांव', भाजीवाल्याकडे 'बटाटा', हॉटेलच्या काउंटरवर खोलीची 'शावी', ज्यूसवाल्याकडे 'काजू'. ही सगळी पोर्तुगीजांची कृपा. काजूचं झाड तर त्यांनी ब्राझीलमधूनच आपल्याकडे आणलं. वर्सोव्याच्या खाडीपलीकडचा मढचा किल्लाही त्यांचाच, १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जरा वेळ लागतो. एक कोटीहून जास्त लोकांचं शहर, उंच इमारती, ट्रॅफिक जाम, सगळं मुंबईसारखंच. पण मान वर केली तर ना सिनेमाचं पोस्टर, ना बिल्डरची जाहिरात, ना कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. लिंक रोडवरून रोज जाणाऱ्याला हे विचित्रच वाटणार.

तर भानगड अशी आहे की, २००६ मध्ये तिथले महापौर जिल्बेर्तो कासाब यांनी 'सिदाजी लिंपा' म्हणजे 'स्वच्छ शहर' नावाचा कायदा आणला. १ जानेवारी २००७ पासून होर्डिंगवर सरसकट बंदी. बस आणि टॅक्सीवरच्या जाहिरातीही गेल्या. दुकानाच्या पाटीचं मापसुद्धा ठरवून दिलं. दर्शनी बाजू १० मीटरपेक्षा कमी असेल तर पाटी जास्तीत जास्त दीड चौरस मीटर. आपल्याकडे एवढ्यात दुकानाचं नाव मावेल, मालकाचा फोटो नाही.

जाहिरात कंपन्यांनी अर्थातच ओरड केली. नोकऱ्या जातील, महसूल बुडेल, रात्री रस्त्यांवर अंधार होईल. पण हजारो होर्डिंग उतरली आणि त्यामागचं शहर दिसायला लागलं. जुन्या देखण्या इमारती दिसल्या, तशाच आजवर झाकलेल्या झोपडपट्ट्याही दिसल्या.

मुंबईत हा विषय फक्त दिसण्याचा नाही. वर्सोव्याहून सुटणारी मेट्रो जिथे संपते, त्या घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात एक महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होर्डिंग साधारण १२० बाय १२० फुटांचं. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे परवानगी नेमकी कुणाची लागते यावरून दुर्घटनेनंतर यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. साओ पाउलोच्या नियमाचा खरा फायदा इथे कळतो. होर्डिंगच चालणार नाही म्हटल्यावर परवानगी कुणाची, हा वादच उरत नाही.

बंदी पुढे थोडी सैल झाली, हेही खरं. काही वर्षांनी बसथांबे आणि रस्त्यावरची घड्याळं इथे जाहिरातींना परवानगी मिळाली, बदल्यात त्यांची देखभाल कंपन्यांनी करायची. इमारतींच्या मोकळ्या भिंतींवर मात्र आता एदुआर्दो कोब्रासारख्या कलाकारांची भलीमोठी चित्रं आहेत आणि पर्यटक त्यांच्यासमोर सेल्फी काढतात.