न तळलेल्या डोनटची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी होतं ते आठवड्यातून मोजक्या तासांपुरतं, आणि 'पोटफोड्या ष' कुठे लिहायचा हे अजूनही आईला फोन करून विचारावं लागतं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. तसंही विषय पोटाचाच आहे!

डोनट! नुसतं नाव काढलं तरी आमच्या मजल्यावरच्या मुली अभ्यास सोडून दारात येतात. पण दुकानातला डोनट म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात न परवडणारी चैन. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ठरवलं, यंदा डोनट घरीच करायचे. आणि तेही एअर फ्रायरमध्ये.

एअर फ्रायर आमच्याकडे हौसेनं आलेला नाही. गेल्या वर्षी गणपतीनंतर बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर घरातली कढई माळ्यावर गेली आणि ओट्यावर हे काळं अंड्यासारखं यंत्र आलं. बाबा म्हणजे तळलेल्या पदार्थांचे जुने भक्त. रविवारी सकाळी बालूशाहीचा पुडा आणायचा हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो बंद झाला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी उगाचच पेपर दोनदा वाचायला लागले. तेव्हा मनात आलं, डोनट म्हणजे तरी काय, बालूशाहीचा परदेशातला चुलतभाऊच! तेल न वापरता जमला तर?

नाव फ्रायर, काम भट्टीचं

आधी यंत्र समजून घेऊ. फिलिप्स कंपनीनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'एअरफ्रायर' बाजारात आणला आणि हे नाव घरोघरी पोचलं. पण नावावर जाऊ नका. हे यंत्र काहीही तळत नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. गरम हवा पदार्थाभोवती वेगानं फिरते, बस्स. थोडक्यात, छोटा आणि पंख्याचा ओव्हन. आपल्या हीट ट्रान्सफरच्या भाषेत, फोर्स्ड कन्व्हेक्शन.

मग तळणं आणि हे यात फरक काय? तापमान तर दोन्हीकडे १७५ अंशांच्या आसपासच असतं. एक उदाहरण बघा. तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात गेला तर नुसती धग लागते, पण तितक्याच गरम तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. कारण तेल त्या गरम हवेपेक्षा सुमारे हजारपट दाट असतं. शिवाय उष्णता देण्याचा गुणांक हवेसाठी दहांच्या घरात, तर उकळत्या बुडबुड्यांच्या तेलासाठी शेकड्यांच्या घरात. म्हणून कढईत जो डोनट दोन-अडीच मिनिटांत होतो, त्याला इथे पाच-सहा मिनिटं लागतात. पंखा काय करतो? पदार्थाला चिकटून बसलेला थंड, दमट हवेचा थर पातळ करतो. हाच आपला बाउंडरी लेयर, ज्यावर दर सेमिस्टरला हमखास प्रश्न येतो!

आता खमंग रंगाचं गुपित. कणकेतलं पाणी निघून जाईपर्यंत तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला २२५७. म्हणजे पावणेसात पट! ती वाफ निघून वरचा थर कोरडा झाला की मगच तापमान चढतं आणि साखर आणि प्रथिनं यांच्यात मेयार्ड अभिक्रिया सुरू होते. (लुई-कामिय मेयार्ड हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्यानं ती १९१२ साली मांडली.) पाव, भाकरी, भाजलेला रवा, सगळ्यांचा तपकिरी रंग आणि वास तिचाच.

साहित्य (८ डोनटसाठी)

मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध १५० मिली, साखर ३५ ग्रॅम, मऊ लोणी ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. वरून लावायला वितळलेलं लोणी १५ ग्रॅम. ग्लेझसाठी पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध दोन-तीन मोठे चमचे, लोणी १० ग्रॅम, व्हॅनिलाचे दोन थेंब आणि चिमूटभर मीठ. अंडं घातलेलं नाही, कारण आजीही खाणार होती.

कृती आणि माझे पराक्रम

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी दूध चांगलं वाफाळतं घेतलं, म्हटलं यीस्ट लवकर फुगेल. यीस्ट ही जिवंत बुरशी आहे हे विसरले. साधारण ५५-६० अंशांच्या वर ती मरते. दोन तास झाकून ठेवलेला गोळा जसाच्या तसा! तरीही हट्टानं भाजला. जे बाहेर आलं ते बघून बाबा म्हणाले, "इंजिनियर बाई, हा डोनट का वॉशर?" वर्कशॉपमध्ये चालला असता, खरंच.

दुसऱ्यांदा शहाणपणानं केलं. दुधात करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, इतकंच कोमट. त्यात यीस्ट आणि साखर, मग मैदा, मीठ आणि शेवटी लोणी. आता खरं काम म्हणजे मळणं. मैद्यातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या दोन प्रथिनांची पाण्यात मिळून जाळी होते, तिला आपण ग्लुटेन म्हणतो. यीस्ट जो कार्बन डायऑक्साइड सोडतं तो याच जाळीत अडकतो आणि कणीक फुगते. म्हणून चांगली दहा-बारा मिनिटं मळा. गोळा आधी हाताला चिकटेल, पण म्हणून मैदा वाढवत बसू नका, नाहीतर डोनट कोरडा होतो. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणून पातळ पडदा झाला आणि फाटला नाही, की समजा जमलं.

मग झाकून एक-दीड तास, दुप्पट होईपर्यंत. थंडी असेल तर जास्त. घड्याळाकडे नाही, गोळ्याकडे बघायचं, असं आजीचं म्हणणं. ती इडलीच्या पिठाबाबत जे म्हणते तेच इथेही लागू.

फुगलेला गोळा हलकेच दाबून अर्धा इंच जाड लाटा. स्टीलच्या पेल्यानं गोल कापा आणि बाटलीच्या झाकणानं मधलं भोक पाडा. भोक कशाला? शोभेला नाही. सलग गोळ्यात उष्णता मध्यापर्यंत पोचेस्तोवर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. मध्यच काढून टाकला तर प्रश्नच मिटला! हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशानं १८४७ साली जहाजावर पहिल्यांदा असं भोक पाडल्याचा दावा केला होता. दावा खरा असो-नसो, हीट ट्रान्सफर त्याला कळत होतं.

कापलेले डोनट पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. कढईत डोनट तेलावर तरंगतो आणि मोकळेपणानं फुगतो. इथे तो जाळीवर स्वतःच्या वजनाखाली बसलेला असतो, म्हणून जितकं फुगायचं ते आधीच फुगवून घ्यावं लागतं.

एअर फ्रायर १७५ अंशांवर चार मिनिटं रिकामा तापवा. टोपलीला लोण्याचा हात लावा. डोनटवर वितळलेलं लोणी ब्रशनं लावा. हे विसरलात तर पावासारखा फिकट, कोरडा डोनट मिळेल. चार-चार करून, मध्ये अंतर ठेवून, पाच ते सहा मिनिटं भाजा. दाटीवाटी केली तर हवा फिरणार कुठून? आणि एक सूचना : खाली बटर पेपर घालायचा असेल तर डोनट त्यावर ठेवूनच आत सरकवा. यंत्र तापवताना नुसता कागद आत ठेवला तर तो पंख्यानं उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो.

ग्लेझ सोपं आहे. सगळं एकत्र करून गुठळ्या मोडा. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत पातळ ठेवा. डोनट कोमट असताना एक बाजू बुडवा, उलटा आणि जाळीवर ठेवा. फार गरम असेल तर ग्लेझ वाहून जातं, गार असेल तर जाड थर बसतो. दहा-पंधरा मिनिटांत वरचं पाणी उडतं, साखरेचे बारीक कण पुन्हा स्फटिक होतात आणि तो पातळ, कुरकुरीत, काचेसारखा पापुद्रा तयार होतो. बालूशाहीवरच्या पाकाचं शास्त्र याहून फार वेगळं नाही.

वीज किती? आमचा फ्रायर १४०० वॅटचा. तापवणं चार मिनिटं आणि दोन घाणे मिळून बारा, एकूण सोळा मिनिटं. १.४ गुणिले १६ भागिले ६०, म्हणजे अर्ध्या युनिटच्याही आत.

आता खरा हिशोब

चव कशी होती? प्रामाणिकपणे सांगते, हा कढईतला डोनट नव्हे. तळलेला पदार्थ बाहेर काढल्यावर गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. ती श्रीमंती इथे नाही. हा मऊ, लुसलुशीत, गोड बनपावाच्या जवळ जाणारा प्रकार आहे. पण ताजा असताना छान लागतो. (ताजाच खा. फ्रीजमध्ये तर तो आणखी लवकर वातड होतो.)

बाबांनी एक खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला हात घातला तेव्हा आईनं विचारलं, "अहो, किती?" बाबा एकदम खुशीत म्हणाले, "अगं, तेलाचा थेंब नाही यात! आपल्या लेकीनं केलेत." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण आईनं माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "तेल नाही ते कळलं. साखर किती आहे?"

मी इंजिनियर ना! वही घेऊन बसले. कणकेत ३५ आणि ग्लेझमध्ये १५०, मिळून १८५ ग्रॅम साखर. भागिले ८. थोडं ग्लेझ वाटीला राहिलं असं धरलं तरी एका डोनटमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच चमचे. लोणी एकूण ६५ ग्रॅम, म्हणजे डोनटमागे आठ. त्यातलं निम्मं, चार ग्रॅम, संतृप्त मेद. ज्यासाठी कढई माळ्यावर गेली तेच मी ब्रशनं लावत होते! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एका डोनटमध्येच दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो.

मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि हातातला तिसरा डोनट ताटलीत परत ठेवला. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. वाटलं, कशाला केला हा हिशोब? पण 'तेल नाही' म्हणजे 'चालतं' असं आपण सगळेच धरून चालतो. यंत्र फक्त कढईतलं तेल वाचवतं. मैदा, साखर आणि लोणी ते कमी करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

हॉस्टेलवाल्यांसाठी

आता तुमच्या मनातला प्रश्न. रूमवर चालेल का? नाही! आणि हे मी रेक्टर मॅडमना खूश करायला म्हणत नाहीये. १४०० भागिले २३० म्हणजे ६ अँपिअरपेक्षा किंचित जास्त. आपल्या टेबलाजवळचं सॉकेट ६ अँपिअरचं. त्यावर एक्स्टेंशन लावून फ्रायर, शेजारी दोन लॅपटॉप आणि कोणाची तरी चोरून आणलेली केटल... सबमिशनच्या रात्री आख्ख्या मजल्याचा एमसीबी उडाला होता ते आठवतंय ना? एमसीबी उडाला हे आपलं नशीब. नसता उडाला तर वायर तापली असती. तेव्हा हे प्रयोग घरी, १६ अँपिअरच्या सॉकेटवर.

उरलेले डोनट मी डब्यात भरून एसटीनं हॉस्टेलवर आणले. डबा घट्ट बंद केल्यामुळे ग्लेझ दमट होऊन चिकचिकीत झालं होतं. तरी दोन मिनिटांत डबा रिकामा. डबा घासायचं मात्र एकीलाही सुचलं नाही!

आणि बाबा? आता महिन्यातून एका रविवारी डोनट होतात. लोणी कमी, ग्लेझऐवजी नुसता पिठीसाखरेचा हलका हात. बाबा आणि मी एक अर्धा-अर्धा करून खातो, बरोबर बिनसाखरेचा चहा. मी इथे असले तर फोनवरून. ते आधी विचारतात, "आजचा हिशोब काय, इंजिनियर बाई?" मी आकडा सांगते. मग पलीकडून कप-बशीचा आवाज येतो.

रविवारचा पेपर हल्ली ते एकदाच वाचतात, असं आई म्हणाली.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी