सांध्यातले सिमेंट आणि चांदीचे कण

आमच्या चाळीतल्या एका मावशींनी जन्मभर डोक्यावर घमेली वाहिली. साठीत गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ‘गुडघा बदलू, सिमेंटने बसवू.’ मावशी घाबरून आम्हांला विचारू लागल्या, ‘भाऊ, हाडात सिमेंट घालतात व्हय?’ आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. म्हणून चौकशी केली, ती वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

हे सिमेंट इमारतीचे नव्हे. कवळी ज्या ॲक्रिलिकची बनते, त्याच जातीचे आहे. पूड आणि द्रव शस्त्रक्रियेच्या वेळीच कालवतात. १०-१५ मिनिटांत ते घट्ट होते. हाड आणि कृत्रिम सांधा यांमधली पोकळी भरून ते सांधा पक्का धरते. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी १९६०च्या सुमारास खुब्याच्या सांध्यासाठी ते रूढ केले.

खरी भीती जंतूंची. शंभरात एक-दोघांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. जंतू सांध्यावर चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा कर्ज! १९७० साली हॅम्बुर्गच्या डॉ. बुखहोल्झ यांनी सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत मांडली. ती आजही चालते. पण बरेचसे औषध पहिल्या काही दिवसांतच झिरपून जाते आणि काही जंतू त्याला दाद देत नाहीत.

म्हणून चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा विचार पुढे आला. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २००४ साली जर्मन संशोधकांनी सिमेंटमध्ये १ टक्का असे कण मिसळले, तेव्हा जेंटामायसिनला न जुमानणारे जंतूही रोखले गेले. पण हे घडले प्रयोगशाळेत. कण शरीरात साठून अपाय करतील का, सिमेंटची ताकद वर्षानुवर्षे टिकेल का, हे रुग्णांवर सिद्ध व्हावे लागते. तेव्हा ‘चांदीचे सिमेंट’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर आधी लेखी माहिती मागा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली आहे. बिल तपासून घ्या.

आपल्या हातातले उपाय मात्र बिनखर्चाचे नसले तरी स्वस्त आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात आणा, किडलेले दात, पायाच्या जखमा दाखवा, तंबाखू सोडा. नंतर ताप आला, जखमेतून पाणी आले, तर घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या न घेता त्याच डॉक्टरांकडे जा.

मावशींनी आधी दात दाखवला, साखर उतरवली, मगच गुडघा बदलला. आता त्या जिना चढून आमच्याकडे चहाला येतात.