मोहाची दारू आणि अवधानाची गोळी

जबलपूर जिल्ह्यातील पाटनसारख्या तहसिलीच्या मुलखात चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहाची फुले वेचावीत, वाळवावीत, आंबवावीत आणि भट्टी लावावी, ही रीत फार जुनी. मध्य प्रदेशच्या आबकारी कायद्याने आदिवासींना घरगुती वापरापुरती तिची मुभाही ठेवली आहे. पहिल्या धारेची दारू कडक आणि पुढची सौम्य हे सर्वांस ठाऊक असते, परंतु प्याल्यात मद्यार्क नेमका किती, हे कोणत्याही बाटलीवर लिहिलेले नसते. एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, या विकारासाठी मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या तरुणाच्या बाबतीत ही अनिश्चितता विशेष घातक ठरते.

हे औषध १९४४ साली बाझेल येथील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनज्ञाने सिद्ध केले, आणि त्याच्या पत्नीच्या रीटा या नावावरून त्यास रिटालिन हे बाजारनाव मिळाले. आपल्याकडे ते औषधनियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये मोडत असल्यामुळे त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांपैकी एक दुकानदाराला दोन वर्षे दप्तरी जपून ठेवावी लागते. इतका बंदोबस्त असूनही संध्याकाळच्या प्याल्याविषयी रुग्ण सांगत नाही नि डॉक्टर विचारीत नाही, असे पुष्कळदा घडते.

आता यकृतात काय होते ते पाहू. तेथील कार्बोक्सिलएस्टरेज-१ नावाचे विकर एरवी या औषधाचे विघटन करून त्याचे निरुपद्रवी रिटालिनिक आम्ल बनविते. परंतु रक्तात मद्यार्क आला की तो त्या विकराच्या कामात अडथळा आणतो, आणि काही औषधाशी संयोग पावून एथिलफेनिडेट हा नवाच पदार्थ निर्माण होतो. अमेरिकेतील चार्ल्स्टन येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अर्ध्या तासाच्या अंतराने मद्य घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात औषधाची कमाल पातळी सुमारे ४० टक्क्यांनी चढली. म्हणजे गोळी तीच, मात्रा मात्र वाढलेली. औषध संथपणे सोडणाऱ्या काही कॅप्सूलांची तर प्रयोगशाळेतील तीव्र मद्यार्कात अशी गत होते की, दिवसभराचा साठा तासाभरात मोकळा होतो. नाडी आणि रक्तदाब औषधानेही वाढतात. ज्याचे हृदय आधीच दुबळे, त्याला हा दुहेरी भार सोसवेलच असे नाही.

तथापि माझ्या मते याहून मोठा धोका रसायनाचा नसून फसवणुकीचा आहे. ‘गोळी घेतली की चढत नाही’ असे जे बोलले जाते, त्यात तथ्य एवढेच की झोप व सुस्ती, म्हणजे ‘आता पुरे’ असे बजावणारी लक्षणे, मागे पडतात. रक्तातील मद्यार्क तिळमात्र घटत नाही, हात आणि विवेक दोन्ही ढिले पडलेलेच असतात. असा मनुष्य आणखी एक पेग भरतो आणि मोटारसायकलची किल्लीही उचलतो. मोटार वाहन कायद्याची १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा त्याने केव्हाच ओलांडलेली असते. पुढे औषधाचा अंमल उतरला की दबलेली नशा एकदम अंगावर येते.

यावरून गोळीच टाकून द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. उपचाराविना राहिलेला एडीएचडी हाही व्यसनाकडे नेणारा आहे. ज्यांच्या घरी ही गोळी येते त्यांनी आपण काय पितो, किती आणि केव्हा, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना न लाजता सांगावे.