पुढच्या चाकात किती हवा?

पावसाळ्यात चिखलात सायकल घसरते, टायर बदलावं का, असं तुमच्यापैकी कितीतरी जणींनी विचारलं होतं. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही चौघी थेट बेल्जियमच्या चिखलात जाऊन पडलो. म्हणजे मोबाइलवर, स्टुडिओत बसून!

तिकडे हिवाळ्यात सायक्लोक्रॉस नावाची शर्यत असते. तीनेक किलोमीटरचा फेरा, त्यात गवत, चिखल, वाळू, उभे चढ, आणि मध्येच आडव्या लावलेल्या 40 सेंटिमीटर उंच फळ्या. जिथं सायकल चालेना तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. बायकांची शर्यत साधारण 50 मिनिटं चालते. बायकांसाठी जागतिक अजिंक्यपद 2000 साली सुरू झालं. नेदरलँड्सची मारियान व्होस ते आठ वेळा जिंकली, पहिल्यांदा 2006 मध्ये आणि आठव्यांदा 2022 मध्ये.

आम्हाला वाटलं, असल्या चिखलासाठी यांची टायरं ट्रॅक्टरसारखी जाड असतील. तसं अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही आणि त्यात खिळे बसवायला बंदी आहे. आपल्या घरच्या काळ्या सायकलचं टायर दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटरच्या आसपास. यांचं त्याहून बारीक! शर्यतीआधी पंच माप लावून बघतात. रिम रुंद असेल तर 33 छापलेलं टायरही फुगून मापाबाहेर जातं, म्हणून विकत घेतानाच जपावं लागतं.

मग उरतं काय? नक्षी, कापड आणि हवा.

नक्षीचं सोपं आहे. चिखलाला उंच दात हवेत, आणि ते विरळ हवेत. भाकरीचं पीठ मळताना बोटांच्या बेचक्यात कसं चिकटून बसतं? दात दाट असले की चिखल तसाच बसतो, आणि मग दात असून नसल्यासारखे. विरळ असले की चाक फिरता फिरता तो उडून जातो. कोरड्या मैदानावर आणि वाळूत उलट, दात जवळजवळ नकोतच. कोक्सैड गावी समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत शर्यत होते, तिथं कानशीसारख्या बारीक खरखरीत नक्षीची टायरं दिसतात.

कापड म्हणजे रबराच्या आतलं विणकाम. सुती धाग्याचं कापड मऊ असतं, दगडावर, मुळीवर अंग चोरून घेतं. महागही तितकंच. अशी टायरं बहुधा रिमला चिकटवलेली असतात, आणि चिकटवायचं काम दोन-तीन दिवस चालतं, कारण थरावर थर द्यावे लागतात. काम कच्चं राहिलं तर वळणावर टायर रिममधून निघून येतं. अलीकडे बिनट्यूबचं टायर आणि त्यात दुधासारखं औषध, असंही पुष्कळ जणी वापरतात.

पण खरी गंमत हवेत आहे, आणि ती फुकट आहे. चाकांचे तीन-तीन जोड घेणं सगळ्यांना परवडत नाही, हवा मात्र कोणालाही कमी-जास्त करता येते. पंक्चरवाला ‘तीस पौंड’ म्हणतो, तेव्हा एका चौरस इंचावर तीस पौंडांचा दाब असा त्याचा अर्थ. एक चौरस इंच म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. सायकल धरून 60 किलो वजनाची बाई म्हणजे 132 पौंड. हवा 22 पौंड ठेवली तर दोन्ही चाकं मिळून साधारण सहा तिकिटांएवढं टायर जमिनीला टेकतं. 30 ठेवली तर साडेचारही भरत नाहीत. सायकलसकट 86 किलोच्या पुरुषाला मात्र 30 पौंडांवरही सहा तिकिटं मिळतात.

म्हणजे त्याचा आकडा तिच्या उपयोगाचा नाही. घरातल्या भावाने नाहीतर शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेली हवा भरून मुलगी घसरत राहते, आणि म्हणतात, हिला सायकलच येत नाही. हे ऐकून आमच्यातली एकजण गप्पच झाली. तिच्याबाबत घरी हेच म्हणत असत.

आपला आकडा सरावात काढायचा असतो. जरा जास्त हवेने सुरुवात करायची, मग एक-दोन पौंडांनी उतरवत जायचं. मुळीवर रिम ठक्‌ करून लागली की थोडी परत भरायची. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून पुढं पौंड-दोन पौंड कमी चालते. अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही, मीटर लागतो.

चालवायची रीतही तशीच. वाळूत आधीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी धरायची, वजन थोडं मागं, हात सैल, पायडल थांबवायचं नाही. आपण घाबरून हँडल घट्ट धरतो आणि तिथंच पडतो. आडव्या उतारावर खालच्या बाजूचं पायडल खाली ठेवून त्यावर उभं राहायचं, म्हणजे टायरची कड जमिनीत रुतते.

आता आपल्या सायकलीचं. आपल्या टायरात ट्यूब असते, तेव्हा 22 पौंडांचा हट्ट नको. हवा फार उतरली की खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेला किती हवा ते छापलेलं असतं, त्यातला कमीत कमीचा आकडा शोधा. तुम्ही हलक्या असाल तर चिखलाच्या दिवसांत त्याच्या जवळपास राहा. दुकानदार टणक भरूनच देईल, त्याला ‘पुढच्यात जरा कमी’ म्हणून सांगा. आणि कॅरिअरवर पोर किंवा पिठाचा डबा बसणार असेल, तर मागच्या चाकात आधी हवा वाढवून घ्या.