हिरवळीला रविवारची सुट्टी

लास वेगासमध्ये रविवारी स्प्रिंकलरने हिरवळीला पाणी द्यायला मनाई आहे. हा नियम बारा महिन्यांचा. बाकीचे वार ऋतूप्रमाणे बदलतात. मे ते ऑगस्ट रविवार सोडून रोज, वसंतात आणि शरदात आठवड्यातून तीन दिवस आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी फक्त एक दिवस. आपला वार कोणता, हे घर कोणत्या गटात येतं त्यावर ठरतं. उन्हाळ्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ७ स्प्रिंकलर बंद. पाणी खात्याचे निरीक्षक गल्लोगल्ली फिरतात. अंगणातलं पाणी फुटपाथ ओलांडून गटाराकडे वाहताना दिसलं की पुरावा म्हणून त्याचा व्हिडिओ काढतात. ताकीद देऊनही सुधारणा झाली नाही तर ८० डॉलर दंड, आणि पुढच्या प्रत्येक चुकीला तो दुप्पट.

त्याच शहरात तुम्ही अर्धा तास शॉवरखाली उभे राहा, कुणी हटकणार नाही. हॉटेलांच्या दीडेक लाख खोल्यांमध्ये रोज टब भरतात, चादरी धुतल्या जातात, त्यावर वारांचं बंधन नाही. मग गवताच्या चार पात्यांवरच एवढा राग का?

उत्तर शहराच्या मोरीत दडलेलं आहे.

हे शहर मोहावी वाळवंटात वसलेलं. वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. जवळपास ९० टक्के पाणी येतं ते कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणामागच्या मीड सरोवरातून. सात राज्यांनी या नदीची वाटणी १९२२ च्या करारात सुरू केली. १९२८ च्या कायद्याने नेवाडा राज्याच्या वाट्याला वर्षाला ३ लाख एकर-फूट पाणी ठेवलं. आपल्या भाषेत सुमारे १३ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाचा आठवा हिस्सा. तेव्हा तेही पुष्कळ वाटलं असणार, कारण १९३० च्या जनगणनेत लास वेगासची वस्ती पाच हजारांच्या घरात होती. आज या खोऱ्यात बावीस लाखांहून जास्त माणसं राहतात आणि वाटा तेवढाच आहे. किंबहुना कमी झाला आहे. सरोवर आटत गेल्यामुळे २०२१ मध्ये केंद्र सरकारने इतिहासात प्रथमच या नदीवर टंचाई जाहीर केली, आणि पुढच्या वर्षासाठी नेवाडाच्या वाट्यातून २१ हजार एकर-फूट कापले. जुलै २०२२ मध्ये तर सरोवराची पातळी ते पहिल्यांदा भरलं तेव्हापासूनच्या नीचांकावर गेली. काठच्या काळपट खडकांवर क्षारांचा पांढरा पट्टा उघडा पडला. पूर्वी पाणी कुठवर होतं, ते त्या पट्ट्यावरून कुणालाही कळतं.

आता गंमत पाहा. नेवाडाचा वाटा मोजताना सरोवरातून किती पाणी उपसलं एवढंच पाहत नाहीत. उपसा वजा परत केलेलं पाणी, असा हिशेब असतो. घरातली मोरी, संडास, वॉशिंग मशीन, हॉटेलांचे टब या सगळ्यांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथून ते लास वेगास वॉश नावाच्या ओढ्यात सोडतात, आणि हा ओढा थेट मीड सरोवराला मिळतो. जेवढं पाणी परत गेलं, तेवढंच पुन्हा उपसायची मुभा. घराच्या आत वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी असं माघारी येतं. म्हणूनच बादलीत अंघोळ उरकून तुम्ही दहा लिटर वाचवलेत, तर उपशाची आणि शुद्धीकरणाची वीज नक्की वाचते. पण शहराच्या वाट्यात त्या दहा लिटरांनी जवळपास काहीच भर पडत नाही, कारण ते पाणी तसंही परत येणारच होतं.

गवताला घातलेलं पाणी मात्र परतत नाही. ते आभाळात जातं.

गवत पाणी पितं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते पाणी नुसतं त्याच्यातून वाहून जातं. मुळांनी शोषलेल्या पाण्यातला एखाददुसरा टक्काच पात्याच्या अंगी लागतो. उरलेलं पात्यावरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन उडतं. ही उधळपट्टी नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी निसटतंच. त्या बाष्पीभवनाने पातं थंडही राहतं. पण भोवतालची हवा कोरडी ठणठणीत आणि पारा ४५ अंशांना टेकलेला असेल, तर हा सौदा फार महाग पडतो.

किती महाग, ते तिथल्या पाणी प्राधिकरणाने मोजून ठेवलं आहे. एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला सुमारे ७३ गॅलन, म्हणजे पावणेतीनशे लिटर पाणी लागतं. हे पाणी त्या चौरस फुटावर उभं केलं तर त्याची उंची जवळपास तीन मीटर भरते. कोकणात वर्षाकाठी साधारण एवढाच पाऊस पडतो. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाच्या वाळवंटात, घरासमोरच्या चिमुकल्या चौकोनापुरता, लोक नळाने कोकणचा पावसाळा पाडत होते. त्याच जागी वाळवंटी झुडपं लावली तर १७ गॅलनांत भागतं.

हे आकडे कळल्यावर नियमातली कलमं हट्टी वाटेनाशी होतात. दुपारी बंदी का? कारण तेव्हा ऊन आणि वारा फवाऱ्यातले थेंब मुळांपाशी पोचायच्या आतच पळवतात. पहाटे हवा स्थिर असते, जमीन गार असते. सलग बारा मिनिटं पाणी सोडू नका, चार-चार मिनिटांच्या तीन पाळ्या करा आणि मध्ये तासाभराची उसंत द्या, असाही तिथला सल्ला आहे. त्या मातीत चुनखडीचे कठीण थर आहेत, पाणी हळूहळू मुरतं. एकदम ओतलं की वरून वाहून जातं, आणि तेच पाणी निरीक्षकाच्या व्हिडिओत सापडतं.

नियम पाळला की हिरवळ मरते, ही भीतीही तपासून पाहण्यासारखी आहे. पिवळ्या पडलेल्या गवताशी गुडघे टेकून बसा आणि एक झुबका बोटांनी फाकवून बघा. पात्यांच्या बुडाशी, मातीला अगदी लागून, पांढुरका टणक भाग दिसतो. गवताचा जीव तिथे असतो. पाणी तुटलं की गवत पाती सोडून देतं आणि एवढा भाग राखतं. झुबका हलकेच ओढा. मुळं घट्ट धरून राहिली तर गवत झोपलंय, हातात सहज आलं तर मेलंय. झोपलेल्या गवताला दोन-चार आठवड्यांतून एकदा बेताचं पाणी पुरतं.

यात सगळ्यात चिवट कोण? तिथल्या लॉनमध्ये सर्रास लावतात ते बर्म्युडा ग्रास. म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. आपल्याकडे शेतकरी तिच्या काश्या खणून खणून थकतो, तरी ती पुढच्या पावसात हजर. जमिनीखाली पसरलेल्या या काश्यांत तिचा साठा असतो. शिवाय ऊस आणि ज्वारीसारखी तिचीही प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हाला साजेशी आहे, त्यामुळे तेवढ्याच वाढीला तिला पाणी कमी लागतं. जी चिवट म्हणून आपल्या बांधावर बदनाम झाली, तिलाच तिथे पैसे मोजून अंगणात आणतात.

पण हरळीनेही भागणार नाही, हे शहराने ओळखलं. १९९९ पासून हिरवळ उपटणाऱ्याला चौरस फुटामागे रोख पैसे मिळू लागले, आणि आजवर वीस कोटी चौरस फुटांहून जास्त हिरवळ निघाली. २००३ पासून नव्या घरांपुढे हिरवळ लावता येत नाही. २०२१ च्या कायद्याने रस्त्याच्या दुभाजकांतली, कचेऱ्यांपुढची, जिच्यावर कुणी पाऊलही ठेवत नाही अशी नुसती शोभेची हिरवळ नदीच्या पाण्यावर जगवायला २०२६ अखेरपर्यंतच मुदत दिली. मुलं खेळतात ती मैदानं, बागा आणि स्वतंत्र घरांची अंगणं यातून वगळली. परिणाम थक्क करणारा आहे. २००२ ते २०२१ या काळात वस्ती साडेसात लाखांनी वाढली, आणि नदीचं निव्वळ वापरलेलं पाणी मात्र सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं.

हे गणित उचलून जसंच्या तसं दुसरीकडे लावता येत नाही. मुंबईत मोरीतलं पाणीही परत येत नाही. ते वाहिन्यांमधून अरबी समुद्रात जातं, आणि समुद्रातून तानसा-वैतरणेकडे कोणताही ओढा वाहत नाही. तिथे शॉवर आणि हिरवळ दोघंही सारखेच दोषी. म्हणून टंचाईत एखादा नियम जाचक वाटला, शेजारच्या शहरातल्यापेक्षा उफराटा दिसला, तर किती पाणी वापरलं हे विचारण्याआधी आपल्या गावचं वापरलेलं पाणी जातं कुठे, ते शोधावं. कोणता नळ आधी बंद करायचा, ते त्यावरून ठरतं.